रिलिव्हर येईपर्यंत

पोटावर पिशवी आहे हे कामाच्या ठिकाणी सांगावं की नाही, या एका प्रश्नावर दोघांचं जमत नाही. दोघंही पालघरचे. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ऑपरेटर त्यांचा जुना विद्यार्थी, तारापूर एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात शिफ्टला जातो: पालघरहून गाडी, मध्ये उमरोळी, मग बोईसर आणि तिथून शेअर रिक्षा. बाईंना गुदाशयाचा कर्करोग झाला होता. त्यांची कोलोस्टोमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून तिथे शिवलेलं. त्याच्या मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं व्रण पडत राहिले आणि शेवटी ते काढूनच टाकावं लागलं. त्याची इलिओस्टोमी, उजव्या बाजूला, लहान आतड्याचं टोक. या तोंडाला स्टोमा म्हणतात. गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलं दिसतं, हात लावला तर दुखत नाही, आणि आवरून धरणारा स्नायू तिथे नसल्यामुळे थांब म्हटलं तर थांबत नाही. म्हणून वर पिशवी.

दोघंही मी उभी केलेली माणसं आहेत, पालघरात जाऊन त्यांचा पत्ता शोधू नये. त्यांच्या अडचणी मात्र मी रचलेल्या नाहीत.

बाई : सांगून काय मिळवलंस, ते आधी सांग.

ऑपरेटर : पंधरा मिनिटं मिळवली, बाई.

बाई : म्हणजे?

ऑपरेटर : रिॲक्टर चालू असताना पॅनेल सोडून हलता येत नाही. शिफ्ट संपली तरी रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. माझी पिशवी रिलिव्हरची वाट बघत नाही. लहान आतड्यातून येतं ते पातळ, दिवसाला अर्धा-पाऊण लिटर. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने फ्लँज, म्हणजे पिशवीची चिकटणारी चकती, कातडीपासून सुटायला लागते. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. दर वेळी कुणीतरी माझ्या खुर्चीवर बसायला हवं, आणि त्या कुणालातरी कारण माहीत हवं.

बाई : 'जरा जाऊन येतो' एवढं पुरत नाही?

ऑपरेटर : पहिल्यांदा पुरतं. तिसऱ्यांदा म्हटलं की सुपरवायझरला वाटतं, मोबाईल बघायला चाललाय.

बाई : मी तेही कधी म्हटलं नाही. शाळेतल्या कुणालाही कळलं नाही. रजा कशाची म्हणून विचारलं तर गर्भाशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. त्या नावावर बायका पुढे काही विचारत नाहीत.

ऑपरेटर : आणि तास कसे घेत होतात?

बाई : पाचला उठून. आपल्याकडे नळ सकाळी येतो, त्याआधी बादली भरून ठेवलेली. कोमट पाणी त्या इरिगेशनच्या पिशवीत भरायचं, पिशवी कपड्यांच्या खुंटीला, खांद्याच्या उंचीवर. स्टोमावर लांब प्लास्टिकची बाही लावायची, तिचं खालचं तोंड संडासात. नळीच्या टोकाला मऊ शंकू असतो, तो बाहीच्या वरच्या तोंडातून स्टोमावर धरून पाणी सावकाश आत सोडायचं. घाई केली की कळ येते. मग बसून राहायचं. सगळं मिळून तासभर. त्या तासाला घरातल्या कुणी मोरीचं दार वाजवायचं नाही, हा नियम. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत आतडं बहुतेक गप्प. वर एक छोटी टोपी लावायची आणि साडी नेसून शाळेत.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ही सोय सगळ्यांना नाही. डाव्या बाजूच्या, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागातल्या कोलोस्टोमीलाच हे जमतं, तेही सर्जनने हो म्हटल्यावर आणि नर्सकडून हाताने शिकल्यावर. इलिओस्टोमीवाल्याने करायचं नाही. बाईंच्या गुप्ततेला त्यांच्या आतड्याने साथ दिली, ऑपरेटरच्या आतड्याने त्याला दिली नसती.

ऑपरेटर : मग मी नववीत असताना तुम्हाला पिशवी होती?

बाई : होती. का?

ऑपरेटर : चाचणी चालू होती, वर्ग चिडीचूप. एकदम आवाज झाला. सगळे माझ्याकडे बघून हसले आणि तुम्ही मला उभं केलंत. तास संपेपर्यंत.

बाई : (थोडा वेळ गप्प राहून) तू शेजारच्या पोराच्या पेपरात बघत होतास.

ऑपरेटर : बाई!

बाई : बघत होतास की नाही? शिक्षा त्याची होती.

(स्टोमातून वायू सुटतो त्यालाही कुलूप नसतं. कांदा, कोबी, हरभरा यांच्या दुसऱ्या दिवशी जास्त. सवयीचे लोक आवाज येणार असं वाटलं की हाताची घडी पोटावर दाबून धरतात. वर्गात पोटावर हजेरीपट धरून उभ्या राहणाऱ्या शिक्षिका आपण सगळ्यांनी पाहिलेल्या असतात.)

बाई : हे बघ, पिशवी जन्मालाच आली ती सांगावं लागू नये म्हणून. मला हॉस्पिटलमधल्या नर्सने गोष्ट सांगितली होती. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सेन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीची, थोराची, अशीच शस्त्रक्रिया झाली. गळेल, वास येईल, या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा एलिसेला सुचलं की कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येईल अशी प्लास्टिकची पिशवी का नको? हे १९५४ सालचं. प्लास्टिकचा कारखाना असलेल्या आगे लुई-हॅन्सन याने आधी नाही म्हटलं. त्याची बायको नर्स होती, तिने गळ घातली तेव्हा तयार झाला. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट कंपनी निघाली. आता तू म्हणतोस, ती पिशवी लावून पुन्हा जगाला सांगत बसायचं?

ऑपरेटर : मी दुसऱ्या बाईंची गोष्ट वाचलीय. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल. त्यांनाही माझाच आजार. क्लीव्हलँडच्या डॉक्टर रुपर्ट टर्नबुलनी त्यांची इलिओस्टोमी केली. त्या बऱ्या झाल्यावर गप्प बसल्या नाहीत, दुसऱ्या पेशंटना जाऊन सांगायला लागल्या, पिशवी कशी लावायची, कामावर कसं जायचं. १९५८ मध्ये टर्नबुलनी त्यांना हॉस्पिटलातच नोकरी दिली. मग १९६१ पासून दोघांनी हे शिकवायची शाळा सुरू केली. आज स्टोमा नर्स म्हणतात ना, तो व्यवसाय एका पेशंटच्या तोंड उघडण्याने सुरू झाला. तुम्हाला इरिगेशन शिकवलं ती नर्स त्याच परंपरेतली.

बाई : ती पेशंटांना सांगत होती. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला नव्हे.

ऑपरेटर : आणखी एक. टर्नबुल तेव्हा कातडी सोलू नये म्हणून स्टोमाभोवती कराया नावाचा डिंक वापरायचे. तो कुठला, माहितेय? कांडोळाचा.

बाई : आपल्या रानातला कांडोळ? पांढऱ्या खोडाचा?

ऑपरेटर : तोच. जगाला तो डिंक मुख्यतः भारतातून जायचा. आदिवासी झाडाला चीर देऊन गोळा करायचे आणि तो अमेरिकेत पेशंटच्या पोटावर लागायचा. आता दुसरी द्रव्यं आली.

बाई : आणि आपल्याकडच्या पेशंटच्या पोटावर फडकं.

हे बाई रागाने म्हणत नाहीत, पण खोटंही म्हणत नाहीत. चांगली पिशवी महाग पडते आणि ती तीन-चार दिवसांनी बदलायची असते. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास मिळते, मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांचीच संस्था मदत करते, हल्ली कुरियरने घरीही येते. तरी साधी प्लास्टिकची पिशवी कापडाच्या पट्टीने पोटाला बांधून दिवस काढणारे लोक आहेत. त्यांच्यापुढे 'सांगावं की नाही' हा प्रश्नच नसतो. वासाने आधीच सांगून टाकलेलं असतं.

बाई : तुझं पहिल्यांदा कसं कळलं त्यांना? तू सांगितलंस, का कळलं?

ऑपरेटर : फॅक्टरीच्या डॉक्टरांना माहीतच होतं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात वर्षाला एकदा तपासणी कायद्यानेच होते, शर्ट काढावा लागतो. पण डॉक्टर शिफ्टमध्ये नसतात. ऑपरेशननंतर पुन्हा रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सेकंड शिफ्टला गळालं. मे महिना, रिॲक्टरच्या मजल्यावर घाम, फ्लँजची एक कड सुटली. अंगात बॉयलर सूट. तुम्ही बॉयलर सूट बघितलाय?

बाई : गळ्यापासून पायापर्यंत एकच.

ऑपरेटर : हो. शर्ट वर करून पिशवी रिकामी करता येत नाही, चेन खालपर्यंत उघडून खांद्यावरून अख्खा उतरवावा लागतो. आमचा संडास उकिडवा. जमीन ओली. टांगायला काही नाही. बाह्या खाली लोंबतात, त्या मी गळ्यात बांधल्या. एका हातात पिशवीचं तोंड, एका हातात मग. साबण नाही. बाहेर पॅनेलवर अलार्म वाजतोय आणि मित्र दार ठोकतोय, 'झोपलास काय?' मी आतूनच ओरडून सांगितलं. सगळं. पिशवीसकट.

बाई : दाराआडून?

ऑपरेटर : दाराआडूनच. समोर उभं राहून मला जमलं नसतं.

बाई : मग?

ऑपरेटर : तो गेला आणि पॅनेलवर बसला. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या वेल्डरने त्या संडासात एक खुंटी आणि छोटी फळी ठोकली. ना वर्क ऑर्डर, ना सही. नळाला पाइपचा तुकडा जोडून दिला. मी मागितलंही नव्हतं.

बाई : आणि वर कळल्यावर?

ऑपरेटर : वर कळल्यावर नाईट काढून घेतली. 'तुझ्या तब्येतीसाठी.' आता जनरल शिफ्टला असतो.

बाई : म्हणजे नाईटचा भत्ता गेला. ओव्हरटाइम गेला. मला सांग, महिन्याला किती?

ऑपरेटर : पिशव्यांचा खर्च निघाला असता एवढा.

बाई : हे मी म्हणते. लोक चांगले नसतात असं मी म्हणत नाही. वेल्डर चांगलाच होता. पण एकदा सांगितलं की तुझ्या अंगाबद्दल दुसरे ठरवायला लागतात. मी चाळीस पोरांची सहल घेऊन गेले. आधी सांगितलं असतं तर कुणीतरी कणव येऊन म्हणालं असतं, 'बाई, तुम्ही राहू द्या.'

ऑपरेटर : कायदा माझ्या बाजूने आहे, बाई. फॅक्टरी ॲक्टच्या कलम १९ मध्ये १९४८ सालीच लिहिलं होतं, कामगार कारखान्यात असेल तोवर त्याला केव्हाही जाता येईल असे संडास हवेत. केव्हाही.

बाई : संडास केव्हाही आहे. तुझ्या खुर्चीवर बसायला माणूस केव्हाही आहे का? ते कुठल्या कलमात आहे?

त्याच्याकडे उत्तर नाही, आणि मला वाटतं सगळा वाद इथेच आहे. बाई भित्र्या आणि ऑपरेटर धीट, किंवा बाई खमक्या आणि तो भाबडा, असं वाटून देण्यात काही अर्थ नाही. बाईंच्या स्टाफरूमच्या संडासाला आतून कडी होती, दोन तासांच्या मध्ये घंटा होती, पर्स घेऊन आत जाण्यात विशेष काही नव्हतं. त्यांना गुपित परवडत होतं. ज्याची जागा क्षणभर रिकामी राहू शकत नाही, त्याला ते परवडत नाही. गाडी चालवणारा, क्रेनवरचा, टोलनाक्यावरचा, दुकानात एकटाच असलेला विक्रेता हे सगळे त्याच्या बाजूचे. सांगण्या-न सांगण्याला आपण स्वभाव म्हणतो, पण त्यातला बराचसा भाग कामाच्या जागेने ठरवलेला असतो.

सांगण्याची वेळ तर खरं म्हणजे ऑपरेशनच्या आधीच येते. चांगल्या हॉस्पिटलात सर्जन किंवा स्टोमा नर्स आदल्या दिवशी पेनने पोटावर खूण करतात. माणसाला उभं करतात, बसवतात, वाकवतात, घडी कुठे पडते ते बघतात. त्याच वेळी काम काय करता ते सांगावं. बाईंनी परकराची नाडी कुठे येते ते दाखवलं आणि खूण तिच्या खाली झाली. ऑपरेटरने बॉयलर सूट सांगितला, उंचीवर चढताना लावायचा सेफ्टी हार्नेस सांगायचा राहून गेला. आता पट्टा नेमका फ्लँजच्या कडेवर येतो आणि तो उंचीवर चढत नाही.

ऑपरेटर : रेल्वेसुद्धा मानते, बाई. ऑस्टोमीच्या पेशंटला मासिक आणि त्रैमासिक पासात निम्मी सवलत आहे. कुठल्याही कामासाठी जा, उपचारालाच जायला पाहिजे असं नाही. मी पालघर-बोईसरचा तसाच पास काढतो.

बाई : मला माहीत होतं. मी कधी काढला नाही.

ऑपरेटर : का?

बाई : खिडकीवर डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. मागे रांगेत आपल्याच शाळेतले पालक. तो खिडकीवरचा मोठ्याने वाचणार.

ऑपरेटर : म्हणजे न सांगण्याचे पैसे तुम्हीही मोजलेत.

बाई : मोजले. मी फुकट कुठे म्हटलं?

(गंमत बघा. ज्या रेल्वेने या माणसाला पास देताना ओळखलं, तिच्या लोकलला संडास नाही. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा पालघर-बोईसरला केवढा आनंद झाला होता. पिशवीवाला माणूस मात्र मुंबईला तपासणीला जाताना अजून सुरतेकडून येणारी लांबची गाडी बघतो. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत ऑस्टोमी नाही. पासाच्या खिडकीवर तो वेगळा, नोकरीच्या ठिकाणी तो तुमच्या-आमच्यासारखाच. दोन्ही सरकारीच कागद.)

बाई : जेवणाचं काय करतोस? डबा?

ऑपरेटर : भात, मऊ पोळी, केळं, ताक. कँटीनला मका, शेंगदाणे, ओलं खोबरं टाळतो, ते लहान आतड्याच्या तोंडाशी अडकतं. सुकट आणि बोंबील रविवारी, सुट्टीला. त्या दिवशी वास घरच्यांनी सोसायचा.

बाई : तारापूरला वासाची काळजी कशाला? तिथे कुणाला कळणार?

ऑपरेटर : हा विनोद सगळी शिफ्ट करून झालीय, बाई. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. आता मीच करतो.

बाई : आणि पाणी? तुझं मोठं आतडं गेलं. पाणी आणि मीठ ओढून घ्यायचं काम त्याचं होतं.

ऑपरेटर : उन्हाळ्यात पायात गोळे यायचे. मी नुसतं पाणी ढोसत होतो, तितकंच पिशवीत उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, साधं पाणी कमी कर, ओआरएस घे. आता पॅनेलरूममध्ये बाटली असते. घरून आई मीठ घालून पेज देते. ती बाटली बघूनच लोक विचारतात. म्हणजे बघा, प्यायचं म्हटलं तरी सांगावंच लागतं.

बाई : 'उन्हाचा त्रास होतो' म्हणायचं.

ऑपरेटर : तुमच्याकडे प्रत्येकाला एक उत्तर तयार आहे.

बाई : असावं लागतं. बरं, मला एक सांग. तू पर्मनंट आहेस. युनियन आहे. ठेकेदाराकडच्या पोराला तू हाच सल्ला देशील? दाराआडून ओरड म्हणून?

ऑपरेटर : त्याच्यासाठीच आलोय मी.

बाई : कुणासाठी?

ऑपरेटर : पॅकिंगला ठेकेदाराचा एक मुलगा आहे. आमच्या संडासात ती खुंटी बघून मला विचारलं, ही कुणासाठी ठोकलीय? मी सांगितलं. तो काही बोलला नाही, शर्ट थोडा वर केला. कोलोस्टोमी. साधी पिशवी, वर फडकं. भोवतीची कातडी लाल झालेली. ईएसआय आहे त्याला, ऑपरेशन तिथूनच झालं. पण आजारपणाचे पैसे वर्षाला ९१ दिवस, तेही पगाराच्या ७० टक्के. कर्करोगासारख्या आजारांना पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळतात, पण त्याला आधी दोन वर्षांची नोकरी लागते. याची झालेली नाही. म्हणून लगेच परत आला. आणि पंचवीस किलोच्या गोण्या उचलतोय.

बाई : अरे देवा. हर्निया होईल. स्टोमाच्या शेजारची भिंत आधीच कापलेली असते, आतडं तिथूनच बाहेर येतं.

ऑपरेटर : तेच. सांगितलं तर ठेकेदार पुढच्या महिन्याचा गेटपास काढणार नाही. नाही सांगितलं तर गोण्या. मला काय सांगावं कळेना. मी शिफ्टमध्ये ओरडून मोकळा झालो, पण माझा गेटपास कुणी काढून घेणार नव्हतं.

बाई : त्याने मणक्याचं सांगावं.

ऑपरेटर : काय?

बाई : कंबर धरली, मणक्यात गॅप आहे, वजन उचलू नको म्हणालेत. मणक्याला कुणी नाक मुरडत नाही. निम्म्या महाराष्ट्राच्या मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांकडून 'जड वजन उचलू नये' एवढीच चिठ्ठी घ्यायची, कारण लिहायचं नाही. गोणी शिवायला किंवा लेबलं लावायला बसवतील.

ऑपरेटर : म्हणजे पुन्हा लपवाच.

बाई : मग तू त्याचा गेटपास काढून देतोस का?

ऑपरेटर : युनियनमध्ये बोलू शकतो. त्याचं नाव न घेता. हलकं काम मागणाऱ्याला काढायचं नाही, एवढं लिहून घ्यायला बघतो.

बाई : बोल की. त्याला किती महिने लागतील?

ऑपरेटर : लागतील.

बाई : तोवर मणका. कुठल्या शिफ्टला आहे?

ऑपरेटर : या आठवड्यात फर्स्ट.

बाई : मग रविवारी सकाळी घेऊन ये. काही खाऊन येऊ नको म्हणावं, पोट रिकामं असलं की बदलताना मध्येच येत नाही. माझ्याकडे फ्लँज पडून आहेत, भोक मापाचं कापू. तो नक्की मोठं कापत असेल, म्हणून कातडी सोलली. पोटाचा पट्टाही बघू, जुना एक आहे.

ऑपरेटर : तो लाजेल, बाई. तुम्ही बाईमाणूस.

बाई : मग तू आत बस त्याच्याबरोबर, मी दाराबाहेरून सांगते.